गळती निरंक

"टिकाव खाली टाक! टाक म्हंते न्हवं! बांधाला आजून एक घाव घातलास तर त्योच टिकाव तुज्या टकुऱ्यात घालीन!"

केरबा, ही तुझी हौसा बरं का. पस्तीस वर्षांच्या संसारात जिचा आवाज तुझ्या उंबऱ्याबाहेर कुणी ऐकला नाही, ती हौसावहिनी. तुझ्या रक्षाविसर्जनाच्या सकाळी, तलावाच्या बांधावर, पदर खोचून उभी होती आणि अशी ओरडत होती की पलीकडच्या काठाला पाण्यात बसलेल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. तिकडं हुपरीत पैंजण ठोकणाऱ्यांच्या हातोड्या थांबल्या असतील. वाढवून सांगतोय? बरं, हुपरीचं सोड. म्हशींचं खरं आहे.

तुला जाऊन तिसरा दिवस. पंचवीस-तीस माणसं जमली होती. मी गावात सांगताना तीनशे सांगणार आहे, पण तुला खोटं सांगून उपयोग नाही, तुला मोजायची सवय.

आता आपल्याकडं रक्षा नदीत सोडत नाहीत. खड्डा काढतात, त्यात रक्षा टाकतात आणि वर झाड लावतात. रीत चांगली आहे, मी नावं ठेवत नाही. माझ्या सुमनचा आंबा परसात उभा आहे; गेल्या साली त्याला मोहोर आला तेव्हा सवयीनं मी त्याच्याशी भांडलोसुद्धा. पण तुझं झाड कुठं लावायचं ठरवलं या शहाण्यांनी? बांधावर! बांधाच्या उतरत्या अंगावर! आणि झाड कोणतं? तर वड!

तीस वर्षं त्या बांधावर तू एक रोपटं तगू दिलं नाहीस. बोटाएवढं पिंपळाचं रोप दिसलं तरी तू त्याच्यामागं असा लागायचास, की जणू त्यानं तुझी म्हैस चोरली. माझ्या डोळ्यांदेखत तू दातांनी मूळ उपटलंयस. एकदा मी विचारलं, "आरं, झाडानं तुजं काय घोडं मारलंय?" तर तू पपईच्या पानाचा पोकळ देठ आणलास, ओल्या मातीच्या ढिगात खुपसलास आणि वरून पाणी ओतलंस. पाणी देठातून सरळ पलीकडं. "मूळ पाण्याकडं जातंय," म्हणालास, "आन् मूळ कुजलं की ह्यो असा देठ उरतोय. मग पाण्याला आमंत्रण द्याय लागत न्हाई." दहावी नापास माणसानं मला एका देठात धरण शिकवलं. आमच्या नगरपालिकेच्या इंजिनिअर साहेबांच्या कॉलेजात पपई नसावी.

तर नगरसेवक बोलत होते. तुझ्या निष्ठेवर बोलत होते, आणि तुझं नाव दोनदा 'केशव' म्हणाले. इंजिनिअर साहेबांनी बांधावरनं फिरून जागा निवडली. पायानं माती दाबून बघितली आणि म्हणाले, "इथं ओल चांगली आहे. झाड लगेच धरेल." त्या जागी तू रोवलेली काठी होती, लाल चिंधी बांधलेली. नगरपालिकेच्या गड्यानं ती उपटून बाजूला फेकली आणि टिकाव घातला. हातभर खोल गेला नाही तोवर खड्ड्यात पाणी. तळाशी नव्हे रे, बाजूनं. झिरपून, भरभर.

नगरसेवकांनी हात जोडले. "बघा! केरबाच्या पुण्याईनं पाणी लागलं!"

बायकांनी हात जोडले. गडी पुढचा घाव घालायला टिकाव उचलत होता, तेवढ्यात वहिनी ओरडली.

आणि मग सगळी माणसं वहिनीकडं बघायची सोडून माझ्याकडं बघायला लागली. कारण या गावात नको तिथनं पाणी आलं की त्याची गोष्ट दिनकर मास्तरानं सांगायची, असा पायंडा मीच पाडलाय. गेले आठ महिने तुला तोंड चुकवत फिरलो ते त्याच पायंड्यापायी. आता चुकवायला तुझं तोंडच उरलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मी एस्टीत कंडक्टर होतो, म्हणून 'मास्तर', हे तुला सांगायची गरज नाही. चंदगडच्या गाडीवर अठ्ठावीस वर्षं. तिथला पाऊस असा की माझ्या पिशवीतल्या तिकिटांना कोंब यायचे आणि उतरेपर्यंत प्रवासी भाताची लावणी करायचे. ही गोष्ट मी तुला शंभर वेळा सांगितली. तू शंभर वेळा "व्हय?" म्हणालास, एवढ्या गंभीरपणे की मला ती खरी वाटायला लागली. रिटायर झालो, सुमन गेली, घरात भांडी वाजवायलाही कुणी नाही. तेव्हा तू मला बांधावर बसायला जागा दिलीस. सांत्वन बिंत्वन काही नाही. "बस हितं. खेकडा दिसला की सांग," एवढंच. गड्या, त्या वाक्यानं मला जगवलं. दोन वर्षं मी खेकडे बघत जगलो.

खेकडा तुझा दुसरा दुश्मन. बांधात बीळ पाडतो म्हणून. तू बिळात हात घालायचास, खेकडा बाहेर, बिळात चिकणमाती ठेचून भरायचास आणि खेकडा माझ्या पिशवीत. या धरणाच्या संरक्षणासाठी मी जेवढा रस्सा प्यालोय तेवढं पाणी त्या तलावात नसेल. नगरपालिकेनं माझा सत्कार करायला हवा होता.

आणि सोमवारची तुझी ती मोजणी. वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगतो, तू ऐकून घे. आपला तलाव म्हणजे संस्थानच्या काळात टोपल्यांनी माती वाहून घातलेला बांध. आत चिकणमाती, वर मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडाचं अस्तर. सिमेंटचा कण नाही. गावाचं प्यायचं पाणी त्याच्या पोटाला टेकलेलं, आणि पाठीमागं पायथ्याशी खालची वस्ती: साठ-सत्तर उंबरे, अंगणवाडी, डेअरी आणि तुझं घर. मातीचं धरण थोडं गळतंच. ते मुरलेलं पाणी बाहेर पडायला पायथ्याला दगडांची चर होती आणि चरीच्या तोंडाला दगडी पन्हळ. तू दर सोमवारी सकाळी पन्हळीखाली बादली लावायचास आणि मोठ्यानं आकडे मोजायचास. बादली भरली की जो आकडा, तो पंपघराच्या भिंतीवर कोळशानं. आकडा मोठा म्हणजे पाणी कमी, काळजी नाही. आकडा उतरला की तुझं जेवण उतरायचं. मग चहाच्या ग्लासात ते पाणी घेऊन उन्हात धरायचास. "निवळ हाय तवर धरान घाम गाळतंय म्हणायचं. गढूळ झालं की समजायचं, पोटातली माती ओकतंय. मग हितं थांबायचं न्हाई."

मी तुला माझं घड्याळ देऊ केलं होतं. तू नको म्हणालास. "घड्याळ बंद पडलं तर कळत न्हाई. म्या बंद पडलो तर हौसाला कळंल तरी."

आणि माझी खोड. तू चाळिसाच्या घरात आलास की मी मागनं आरोळी द्यायचो, "कागल दोन फुल, एक हाफ! सुट्टे द्या!" झालं. बादली ओतून टाकायचास आणि माझ्याकडं न बघता म्हणायचास, "गप बस की मर्दा. आकडा चुकला. पयल्यापास्नं मोजाय लागंल." एका सोमवारी मी तुला सात वेळा पहिल्यापासून मोजायला लावलं. वैतागलास, पण अंदाजे आकडा लिहिला नाहीस. अख्ख्या नगरपालिकेत अंदाजे आकडा न लिहिणारा तू एकटाच असशील, आणि तुझा हुद्दा काय, तर तलाव मजूर.

आता ती गोष्ट.

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरकडच्या गाडीतनं काही बायका उतरल्या होत्या, तलाव बघायला. पन्हळीतनं निवळशंख पाणी पडताना बघून एकीनं विचारलं, "काय हो मामा, एवढ्या उन्हाळ्यात हे पाणी कुठनं येतंय?" तू मोजत होतास, बोलू शकत नव्हतास. मी बोलू शकत होतो. तिथंच घात झाला. मी म्हणालो, "पावणं, ही गंगा हाय. सादी न्हवं, काशीची. तिकडं एका साधूचा तांब्या गंगेत पडला, त्यो तीन महिन्यांनी हितं ह्या पन्हळीतनं बाहेर आला. त्याच्यावर त्येचं नाव कोरलेलं. मी सोता त्या तांब्याला हाफ तिकीट फाडून परत काशीला पाठीवला."

बायका हसल्या. तूही हसलास, केरबा. आकडा चुकला तरी हसलास. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढच्या आठ महिन्यांत मला तेवढंच एक आठवून बरं वाटायचं.

पण त्या बायका जाताना हात जोडून गेल्या. आणि पुढच्या सोमवारी पन्हळीजवळ नारळ. त्याच्या पुढच्याला हळदीकुंकू. मग झेंडा. मग पोटदुखी गेली, मग कुणाचं लग्न जमलं, मग कुणाची आटलेली म्हैस दूध द्यायला लागली. तांब्याला मी हाफ तिकीट फाडलं होतं, ते लोकांनी फुल करून टाकलं. आणि मग नगरसेवकांनी निधी आणला. पांढऱ्या फरशा, गोमुख, 'गंगाकुंड' असा फलक. फलकावर गंगेचा फोटो बोटभर आणि नगरसेवकांचा हातभर.

कुंड बांधताना दगडांची चर काँक्रीटनं बुजवली. वर पेव्हर ब्लॉक बसवले, चपलांना चिखल लागू नये म्हणून. पन्हळ काढून टाकली आणि गोमुखाला अर्ध्या इंचाचा पाइप जोडला, धार बारीक आणि सुंदर दिसावी म्हणून. बांधाच्या पोटातनं येणारं सगळं पाणी आता त्या अर्ध्या इंचातनं यायचं होतं.

तू बादली घेऊन त्या गवंड्यांपुढं उभा राहिलास. "ही पाण्याची वाट हाय. बुजवू नका. बुजवली तर पाणी मागं सरंल."

नगरसेवक म्हणाले, "केरबा, देवाच्या कामाला आडवा येऊ नगंस."

त्या दुपारी तू माझ्या घरी आलास. चप्पल न काढता दारातच उभा. "दिन्या, तू सांग त्यास्नी. गोष्ट तुजी हाय, तुजं ऐकतील. म्या गंमत केलती म्हण. एवडंच म्हण."

आणि मी काय म्हणालो? लोकांना वाटतं मला कधी शब्द कमी पडत नाहीत. त्या दिवशी खरंच कमी पडले नाहीत, हेच वाईट झालं. मी म्हणालो, "लोकांची श्रद्धा हाय लगा, मी कोण मोडणार? आन् पाणी थांबलं न्हवं? गळती बंद झाली म्हंजे बरंच की!"

खरं कारण तुला तेव्हाही कळलं होतं. कुंडावर पहिल्या आरतीचा मान मला मिळणार होता. गोष्ट सांगणारे मास्तर म्हणून मला पाटावर बसवायचे. कोल्हापूरहून माणसं यायची आणि मला नमस्कार करायची. अठ्ठावीस वर्षं ज्याला लोकांनी सुट्ट्या पैशांवरनं शिव्या दिल्या, त्याच्या पाया कुणी पडायला लागलं तर त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही, केरबा. माझं राहिलं नाही.

तू म्हणालास, "थांबलं न्हाई. आत बसलंय."

आणि गेलास. आपलं शेवटचं बोलणं ते.

पुढचं मला दुरून माहीत आहे. तू अर्ज दिलेस. वहिनी सांगते की तू शाळेच्या वहीत कच्चा लिहायचास आणि मग फुलस्केपवर उतरवायचास, दोन दिवस लागायचे. तुझ्या अर्जाला उत्तर आलं तेही तिनं मला दाखवलं. त्यात लिहिलंय की तलावाच्या पायथ्याची गळती निरंक असून आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. निरंक! म्हणजे शून्य. म्हणजे काहीच नाही. माणसाच्या नाकातोंडात बोळे कोंबायचे आणि कागदावर लिहायचं, याचा खोकला पूर्ण बरा झालाय!

आणि त्याच पत्राच्या आठवड्यात पंपघराची भिंत रंगवली. पाण्याचे थेंब, हसणारे मासे, 'तलाव आपला, जबाबदारी आपली.' त्या हसणाऱ्या माशांच्या खाली तुझे तीस वर्षांचे सोमवार आहेत. एका डिस्टेंपरच्या डब्यात बुजवले त्यांनी! बांधाच्या माथ्यावर रंगीत दिवे लावायला निधी आहे, फोटो काढायला गावाच्या नावाची पुरुषभर उंच अक्षरं उभी करायला निधी आहे, ती अक्षरं बसवायला बांधाच्या डोक्यात भोकं पाडायला ठेकेदार आहे. पण चर उपसायला माणूस नाही, आणि जो होता तो देवाच्या आडवा येत होता!

मग ओल वर चढली. बाहेर पडायची वाट बंद झाल्यावर पाणी बांधाच्या पोटात साचलं आणि बांधाच्या पाठीवर, पायथ्यापासून वर, भर उन्हाळ्यात हिरवं गवत दिसायला लागलं. तू ओलीच्या वरच्या कडेला काठी रोवून लाल चिंधी बांधलीस. पंधरा दिवसांनी ओल चिंधीच्या वर गेली, दुसरी काठी. मग तिसरी. माझ्या गच्चीवरनं दिसायच्या. एक दिवस पाचवी दिसली. मला सगळं कळत होतं, केरबा. अडाणी असतो तर बरं झालं असतं. पण मला तर तू देठापासून शिकवलं होतंस. तरी कुणी विचारलं की मी सांगायचो, "केरबानं कसला तरी नवस बोललाय, त्येची निशाणं हाईत ती." लोक हसायचे. मी घरी येऊन जेवायचो नाही.

तुला दवाखान्यात नेलं तेव्हा मी आलो होतो. हे तुला कुणी सांगितलं नसेल. जिना चढून तुझ्या वॉर्डाच्या दारापर्यंत आलो. तू डोळे मिटून पडला होतास, ओठ हलत होते. वाटलं, देवाचं नाव घेतोय. जरा पुढं झालो तर ऐकू आलं: एकोणचाळीस, चाळीस, एकेचाळीस. मी आत आलो नाही. बाहेरच्या बाकावर बसलो आणि कुणाकुणाच्या पावण्यांना चंदगडच्या पावसाची गोष्ट सांगितली. ते पोट धरून हसले. मग मी शेवटची गाडी सुटेल म्हणून निघून आलो. गाडी नव्हतीच. चालत आलो स्टँडपर्यंत आणि तिथं बसून राहिलो.

तर त्या सकाळी, खड्ड्यात पाणी भरत असताना, सगळे माझ्याकडं बघत होते. नगरसेवक म्हणाले, "सांगा मास्तर, ह्या पाण्याचं काय म्हणायचं?"

मी म्हणालो, "ह्ये पाणी गंगेचं न्हाई. खालच्या कुंडातलं बी न्हाई, ह्ये बी न्हाई. तलावाचं हाय. गंगेची गोष्ट मी बनीवली. तांब्या न्हाई, साधू न्हाई, काय न्हाई. मी खोटं बोललो. तुमी चर बुजवली, पाणी आत कोंडलं, आन् आता ते बांध पोखरून वर याय लागलंय. ह्या चिंध्या नवसाच्या न्हाईत. केरबानं पाण्यावर पाळत ठेवलती. कुंड फोडा, न्हाई तर पावसाळ्यात ही वस्ती ऱ्हायची न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा मी एका दमात एवढं खरं बोललो.

आणि मग मागनं कुणीतरी फसकन हसलं. मग दुसरा. तुझा चुलतभाऊ डोळे पुसत म्हणाला, "मास्तर म्हंजे नाद खुळा! रक्षाविसर्जनात बी हसिवतोय गडी!" एक म्हातारी मान हलवून म्हणाली, "पर आदीची गोष्ट चांगली हुती."

खरं सांगतो, खोटं बोलून मला कधी इतकी लाज वाटली नव्हती, जेवढी खरं बोलून वाटली. मी परत सांगायला तोंड उघडलं. हात वर केले. तांब्याची आण घेतली, म्हणजे जो तांब्या नव्हताच त्याची. तेवढ्यात वहिनी माझ्याजवळ आली. एका काखेत तुझ्या रक्षेचं गाठोडं, दुसऱ्या हातात गड्याच्या सामानातली लोखंडी पहार.

"भावजी, तोंड पुरं झालं. ही पहार घ्या."

आम्ही दोघं बांध उतरलो. मागनं इंजिनिअर साहेब, "अहो, सरकारी मालमत्ता आहे ती! तक्रार करावी लागेल!" मी वळून म्हणालो, "आदी ठरवा सायेब, मालमत्ता हाय का तीर्थ. दोनी असंल तर माझ्यावर दोन तक्रारी करा." वहिनीनं कुंडातले नारळ बाजूला काढले, झेंडा उतरवून नीट घडी घातली, हात जोडले आणि म्हणाली, "हाना."

मी हाणली. तू हसशील, पण पहिल्या घावाला पहार माझ्या हातातनं सुटून तीस फूट उडाली. बरं, तीन फूट. चौथ्या घावाला फरशी गेली. दहाव्याला खालचं काँक्रीट तडकलं, आणि मग आतनं जे पाणी आलं, केरबा! फुटकं नळकोंडाळं बघितलंयस? तसं. काळं, कुजक्या फुलांचं, माझ्या आठ महिन्यांच्या आरत्यांचा गाळ घेऊन. वर हसणारी माणसं मागं सरकली. डेअरीवाल्यानं मुकाट्यानं स्वतःच्या म्हशी सोडून वरच्या अंगाला नेल्या. भाषणानं जे झालं नाही ते एका म्हशीच्या दाव्यानं झालं: माणसं आपापल्या घराकडं बघायला लागली. नगरसेवकांची गाडी एव्हाना गेली होती. वड तिथंच पडला होता, पिशवीत.

तुझी रक्षा वहिनीनं तुमच्या परसात, पेरूच्या रोपाखाली घातली. रोप लावायच्या आधी बांधाच्या पायथ्यापासून तिनं पावलं मोजली. पन्नास. "झाडानं बांधापास्नं एवडं लांब ऱ्हायाचं, म्हणायचे," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी नगरपालिकेत गेलो. तुझ्या चरीचं पाणी चहाच्या ग्लासात घेऊन गेलो. साहेबांच्या टेबलावर ठेवलं. ते निवळ नव्हतं. गढूळच आहे असंही छातीठोक म्हणवत नव्हतं. पण ग्लासाच्या बुडाशी बारीक माती बसली होती, बोटाला लागण्याइतकी. मी म्हणालो, ही कुठली माती आहे ते सांगा. कुंडातली आहे का बांधाच्या पोटातली? आजच्या आज वरनं माणूस बोलवा, तलावाची पातळी उतरवा, चर पुरी उपसा. मृग दोन आठवड्यांवर आलाय. मी ओरडलो, टेबल आपटलं, शिपाई आला, बाहेर रांगेतली माणसं आत डोकावली. साहेबांनी फाईल ओली होईल म्हणून ग्लासाजवळनं बाजूला सरकवली आणि म्हणाले, "पावसाळ्यानंतर पाहणी लावू. सध्या आमच्याकडं गळती निरंक आहे."

त्यांच्यासमोर ग्लास होता, केरबा! समोर! बोट बुडवलं असतं तर ओलं झालं असतं!

मी वरच्या ऑफिसांत काही तक्रारी टाकल्यात, खालच्या वस्तीतल्या चाळीस जणांच्या सह्या आहेत. खऱ्या चाळीस, मी मोजल्या. चार घरांनी सामान पावण्यांकडं हलवलंय. वहिनी हलत नाही. म्हणते, मोजायला कोण?

काल सोमवार होता. सकाळी गेलो. वहिनीनं तुझी पन्हळ कुठनं तरी शोधून आणून फुटलेल्या काँक्रीटच्या तोंडाला बसवली होती, खाली तुझी बादली. कुंड फोडलं त्या दिवशी मी तिला म्हणालो होतो, भिंतीवरचे आकडे गेले, आता तुलना कशाशी करायची? तर ती म्हणाली, "मला पाठ हाईत. दर सोमवारी जेवताना सांगायचे." आणि तिनं सांगितले. एका दमात, न चुकता, अलीकडून पलीकडं. मी म्हशीसारखा बघत राहिलो.

ती मोजत होती. मी शेजारच्या दगडावर बसलो. पाचव्या चिंधीच्या खालचं गवत जरा पिवळं पडल्यासारखं वाटत होतं. की मलाच तसं बघायचं होतं, कुणास ठाऊक. तिच्या ओठांची हालचाल बघून मला तुझा वॉर्ड आठवला आणि आठ महिने अडलेलं एकदम बाहेर आलं. मी म्हणालो, वहिनी, त्यो दारात आला तवा मी फक्त हो म्हणायला पायजे हुतं. मान मिळत हुता म्हणून गप बसलो. दवाखान्यात बी आलतो, आत आलो न्हाई. त्याला माझी माफी मागायची राहिली, आता ती मी कुणाकडं मागू, तुमीच सांगा, तुमी म्हणशीला त्या पायावर डोकं ठेवतो, अख्ख्या गावापुढं ठेवतो, कोल्हापूरच्या चौकात ठेवतो. बोलत राहिलो. रडत होतो की काय कोण जाणे.

वहिनीनं बादली पन्हळीखालनं काढली, होतं तेवढं पाणी ओतून दिलं आणि बादली परत लावली.

"भावजी, गप बसा. आकडा चुकला. पयल्यापास्नं मोजाय लागंल."